अकरा नंबरची न्हाणी

ता. ४ फेब्रुवारी, मंगळवार

चि. भोंगूस अ. उ. आशीर्वाद.

इकडील सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळव. गुडघेही खुशाल, म्हणजे जसे कुरकुरत होते तसेच कुरकुरतायत. अक्षर आज जास्तच वाकडं दिसेल. घाबरू नकोस, आनंदात घाईघाईनं लिहितेय.

अगं, आज मी राजवाड्यात जाऊन आले. तुझ्या शाळेच्या बसथांब्यासमोरचा, पत्रे ठोकून बंद केलेला तो पडका वाडा आठवतो का? सात वर्षं त्याला परांची बांधलेली होती. मला वाटायचं ही माणसं तो दुरुस्त करतायत की परांचीच वाळत घातलीय. तर झाला एकदाचा. आता त्याचं वस्तुसंग्रहालय झालंय आणि मंगळवारी साठीच्या पुढच्यांना फुकट. फुकट म्हटल्यावर खालच्या मजल्यावरची शिवणवाली मला ओढत घेऊनच गेली. मी म्हटलं गुडघ्यांना विचारते, तर ती म्हणाली गुडघ्यांना कोण विचारतंय, त्यांनाही साठीचं फुकटच आहे.

दारात एक मुलगी बसते. ती गळ्यात अडकवायला एक यंत्र देते आणि कानात घालायच्या दोन गोळ्या. तिनं समजावलं की खोलीत भिंतीवर पितळेचा आकडा दिसेल, तो यंत्रावर दाबायचा, मग माहिती ऐकू येते. शिवणवाली म्हणाली मी बघायला आलेय, ऐकून घ्यायला घरी सासू आहे. तिनं यंत्र घेतलं नाही. मी घेतलं. म्हटलं, फुकटचं कशाला सोडा.

एक नंबर दाबला आणि बाई, तू!

तूच गं. मला म्हणालीस की नमस्कार, या मध्ययुगीन राजवाड्यात आपलं स्वागत आहे. आपलं! जन्मात कधी मला अहोजाहो केलं नाहीस, आणि आज एकदम आपलं. मी तिथेच पायरीवर बसले. तिथले पहारेकरी, एवढ्या झुपकेदार मिशा आहेत त्यांच्या, पाणी घेऊन धावत आले. म्हणाले चक्कर आली का, बरोबर कोणी आहे का. मी म्हटलं दोघी आहेत, एक शिवणवाली पुढे गेलीय आणि नात कानात आहे. त्यांनी मला अजून एक पेला पाणी दिलं.

मग आपण दोघींनी सगळा राजवाडा पाहिला. चुन्याचा ओला ओला वास येतो अजून. दिवाणखान्यात सिंहासन नाहीच, नुसता चौथरा आणि त्यावर दिवा सोडलेला, जणू राजा आत्ताच उठून हात धुवायला गेलाय. तू सांगत होतीस आणि मी हं म्हणत होते. सवयच ना ती. शाळेतून आलीस की दिवसभराचं सांगायचीस आणि माझी पाठ तुझ्याकडे असली तरी हं म्हण म्हणून हटून बसायचीस. हं आलं नाही की गोष्ट बंद. एकदा मी डोळे मिटून झोपेतच हं हं करत राहिले होते, ते तुला चार दिवसांनी कळलं आणि रुसलीस. तर आज मी एवढ्या शांत दिवाणखान्यात हं... हं... लोक वळून बघायला लागले. शिवणवाली माझी ओळख न दाखवता पुढे निघून गेली.

चाळीस मिनिटं बोललीस गं. फोनवर चार मिनिटं बोलतेस, त्यातलं दीड मिनिट ठेवते हं आजी, ठेवते हं म्हणण्यात जातं. इथे एकदाही ठेवते म्हणाली नाहीस.

सात नंबरापासून तुला सर्दी झालीय. ते कधीचं आहे ठाऊक नाही, पण वाफ घे.

आणि अकरा नंबरात तू भलतंच काहीतरी सांगितलंस, पण ते नंतर, आता बोटं दुखली. आधी हे सांग की मला का नाही कळवलंस? शिवणवालीला वाटतंय मी वेडी झालेय.

लोभ तर आहेच तुझा, मागच्या पत्रात एकाच पानाचा होता, तो आता दोन पानांचा व्हावा.

तुझी आजी

---

ता. १५ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा वाचल्यावर खरंच वाफ घेतली. सर्दी जूनमधली होती, तरी घेतली.

शिवणवालीला सांग की तू वेडी नाहीस, मीच आहे ती. गेल्या जूनमध्ये एका दुपारी बसून चोवीस नंबर वाचले. आमची वाचायची खोली कपाटाएवढी आहे, भिंतींना गाद्या लावलेल्या, खिडकी नाही. हातात कागद देतात, समोर काच, काचेपलीकडे एक माणूस अंगठा वर करतो. कागदावर राजवाड्याचं नाव दिसलं. सगळी दुपार मी डोळ्यांसमोर आपला बसथांबा आणला. तू तिथे माझी पाण्याची बाटली घेऊन उभी असायचीस तो. आत काय आहे ते मला काहीच ठाऊक नाही गं. मी होते तोवर तिथे पत्रेच होते. एकोणीस नंबरात मी सांगते ना की या खिडकीतून सगळं गाव दिसतं, तिथून आपलं घर दिसतं का? वाचताना माझा आवाज तिथे अडकला होता. मला परत वाचायला लावलं.

तुला कळवलं नाही कारण वाटलं की त्या पायऱ्या तुझ्याच्यानं चढवणार नाहीत. आणि खरं सांगू, लाज वाटली. मी रेडिओवर आहे असं तू सगळ्या इमारतीला सांगून ठेवलंयस. आजी, मी रेडिओवर नाही. लोक फोन लावतात आणि कोणी उचलत नाही, तेव्हा कृपया थोडा वेळ थांबा म्हणणारी बाई मी आहे. लोक मला रोज शिव्या घालतात.

आता एकदा पाहिलंस ना, मग पुन्हा जाऊ नकोस. त्रेसष्ट पायऱ्या आहेत, माझ्या कागदावर लिहिल्या होत्या. अकरा नंबरात मी काय चुकले ते तेवढं सांग.

मोठ्यांस न., शिवणवालीस माझी आठवण. तुझ्या मायेचे दोन घास रोज पत्रातून मिळोत, एवढंच मागणं.

तुझी भोंगू

---

ता. २५ फेब्रुवारी, मंगळवार

चि. भोंगूस अ. उ. आशीर्वाद.

मी खुशाल. तू जाऊ नकोस म्हणालीस, पत्र हातात पडेस्तोवर मी दोनदा जाऊन आले होते. आजची चौथी खेप. पहारेकरी आता मला बघितलं की मिशीतल्या मिशीत हसतात आणि पाण्याचा पेला आधीच भरून ठेवतात. यंत्रवाली मुलगी मला विचारतही नाही, सरळ गळ्यात घालते. मध्ययुगीन म्हणजे काय ते पहारेकऱ्यांना विचारलं. ते म्हणाले खूप जुनं, पण अगदीच जुनं नाही. म्हणजे माझ्यासारखं.

एकोणीस नंबरातून आपलं घर दिसतं! पाण्याच्या टाकीच्या डावीकडे आपली गच्ची. पहिल्यांदा ओळखता येईना, सगळ्या गच्च्या सारख्याच. मग पुढच्या मंगळवारी निघताना मी दोरीवर आपली लाल चादर वाळत टाकून गेले. आणि खिडकीतून बघते तर काय, एवढंसं कुंकवाच्या टिकलीएवढं लाल! तू कानात सांगत होतीस की इथून सगळं गाव दिसतं, मी म्हटलं हं, आणि ते बघ आपलं घर. आता दर मंगळवारी टाकते. चादर धुतलेली असो नसो.

तर अकरा नंबर. तू म्हणतेस की ही राणीची न्हाणी, इथे राणी सुगंधी पाण्यानं स्नान करीत असे आणि भिंतीतल्या कडीला दिवा टांगत. कोणी लिहिलं गं हे तुझ्या कागदावर? ज्यानं लिहिलं त्याच्या घरी कपडे आपोआप धुतले जात असणार. ती दगडी कुंडी आतून खरबरीत आहे, मुद्दाम टाकी मारून खरबरीत केलेली. राणी तिथे बसली असती तर पाठ सोलून निघाली असती बाईची. उजव्या हाताचा काठ झिजून गुळगुळीत झालाय, डावा जसाच्या तसा. तळ उताराचा, आणि मळकं पाणी भिंतीतून बाहेर जायला भोक. ते धुण्याचं आहे. अडतीस वर्षं मी इस्पितळाच्या धुणीघरात काढली, माझ्यापासून काय लपणार.

आणि कुंडीसमोर जमिनीत दोन खळगे आहेत, बशीएवढे. तू त्याबद्दल काहीच बोलत नाहीस. तासभर धुवायचं असलं तर माणूस उकिडवं बसतं. दिवसभर धुवायचं असलं तर गुडघेच टेकावे लागतात, आमच्या हौदापाशी मशीन येण्याआधी आम्हीही टेकायचो, खाली पोतं घालून. मी आजूबाजूला पाहिलं, लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीखालून गेले आणि टेकले गुडघे. बसले गं बरोबर खळग्यात! पहारेकरी ओरडले की आजी आजी, हात लावायचा नाही. मी म्हटलं हात कुठे लावलाय. मग मला उठवायला त्यांनाच दोरीखालून यावं लागलं.

पण मला वाईट कशाचं वाटलं सांगू, त्या कडीचं. ती दिव्याची नाही. दोघी असल्या की चादर कशी पिळतात, एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या, तू इकडे फिरव, मी तिकडे. एकटी असलं की एक टोक कडीत अडकवायचं आणि दुसरं पिळत राहायचं. कडीही कमरेएवढ्याच उंचीवर आहे, तिथे दिवा कोण टांगेल? आणि खळग्यांची जोडी एकच. म्हणजे एवढ्या मोठ्या राजवाड्याचं धुणं, आणि बाई एकटी. सहाशे वर्षांत कुणी तिची आठवण काढली नाही, वर तिच्या जागेवर राणीला आणून बसवलं.

दारापाशी अभिप्रायाची वही असते. सगळे सुंदर, अप्रतिम असं लिहितात. मी पान घेऊन मोठ्या अक्षरात लिहिलं की अकरा नंबर चूक आहे, ही न्हाणी नाही, हे धुणं आहे, आणि कडी कशाची तेही लिहिलं. खाली आपला पत्ता घातला. यंत्रवाली म्हणाली आजी, पत्ता नाही घातलात तरी चालतो. मी म्हटलं, भांडण करायचं तर पत्ता देऊन करावं.

तू एप्रिलमध्ये येशील ना? तीन वर्षं होतील. लाल चादर दाखवीन.

शिव्या खाणारीच का असेना, आवाज माझ्या भोंगूचाच आहे. जन्मल्याबरोबर असं रडली होतीस की सुईण म्हणाली, कारखान्याचा भोंगा जन्माला आलाय. तेव्हा कुणी थोडा वेळ थांबा म्हटलं नाही.

तुझ्या लोभाला माझ्या गुडघ्यांसारखी कुरकुर न लागो.

तुझी आजी

---

ता. ८ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

दोरीखालून गेलीस! वाचून हसता हसता मुरकुंडी वळली, आणि कडीपाशी आल्यावर हसू थांबलं.

तुझी पत्रं मी मोठ्यानं वाचते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. दुपारी सगळे जेवायला जातात तेव्हा मी गाद्यांच्या खोलीत दार लावून वाचते. तिथे आवाज अजिबात घुमत नाही. तोंडातून निघतो आणि मरतो. वाचून झाल्यावर क्षणभर मी गप्प बसते, हं येईल म्हणून. मग उठते.

एप्रिलचं या वेळीही जमेलसं दिसत नाही. रागावू नकोस. काम कमी झालंय आणि म्हणूनच सुट्टी मागवत नाही, हे उलटंसुलटं तुला पटणार नाही. आता यंत्रच बोलायला लागलंय, आजी. आमच्याकडच्या एका बाईचा आवाज घेऊन त्यांनी यंत्राला शिकवला. आता ती घरी असते आणि तिचा आवाज कामावर येतो. त्याला सर्दी होत नाही, तो अडकत नाही. गेल्या आठवड्यात मला एकाच दिवसाचं काम होतं. इथे मला भोंगू म्हणणारं कोणी नाही. पूर्ण नावानं हाक मारतात तेव्हा मला दरवेळी वाटतं की काहीतरी चुकलंय माझं.

संग्रहालयातल्या कुणी मोठ्यानं वहीतलं तुझं पान वाचून विचारलं तर खुर्चीत नीट बसून उत्तर दे, दोरीखाली जाऊन नको.

तुझा हात डोक्यावर आहे असं धरून चालते, तो तसाच राहो.

तुझी भोंगू

---

ता. १८ मार्च, मंगळवार

चि. भोंगूस आशीर्वाद.

आज जास्त लिहवत नाही. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

गेल्या मंगळवारी संग्रहालयाच्या मोठ्या बाई स्वतः खाली आल्या. डोळ्यांना दोरीचा चष्मा, साडी साधीच, बोलायला गोड. माझं पान त्यांच्या हातात. बरोबर एक अभ्यासक होते, ते भिंग घेऊन कुंडीत डोकं घालून बसले. मी त्यांना सगळं दाखवलं, झिजलेला काठ, भोक, कडी. त्यांनी मला माझ्या अंगावरची शालही कडीत अडकवून पिळायला लावली. मग म्हणाले आजींचं बरोबर आहे, दोनशे पानांच्या पुस्तकात आमचंच चुकलंय. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पहारेकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन शिवणवालीच्या सासूला सुद्धा सांगितलं, आणि ती तर माझ्याशी बोलतही नाही.

आज गेले तर यंत्रवाली म्हणाली, आजी तुमच्यामुळे सगळं नवीन होणार. एक खोली बदलायची तर सगळेच नंबर नव्यानं घ्यायचे, आवाज एकसारखा हवा. या वेळी यंत्राचाच आवाज घेणार, म्हणजे पुढे काही बदललं तर पटकन बदलता येतं. एक मे पासून.

मी तशीच वर मोठ्या बाईंकडे गेले. दार वाजवायचंही विसरले. त्यांना सांगितलं की माझं चुकलं, मी म्हातारी, उचलली जीभ लावली टाळ्याला. नीट पाहिलं तर ती न्हाणीच आहे. राणीच होती. दिवाच टांगत असतील, ठेंगण्या माणसांसाठी. बाईंनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, आजी, कडीत शाल पिळताना तुमचा चेहरा मी पाहिलाय, आता खोटं कशाला सांगताय. मग मला सांगावंच लागलं की तो आवाज माझ्या नातीचा आहे. त्या म्हणाल्या, ठरून गेलंय, पण बघते.

बघते म्हणणारे काय बघतात ते मला ठाऊक आहे.

सहा मंगळवार उरलेत. आज तेवीस नंबरापर्यंत ऐकलं आणि चोवीस दाबला नाही. त्यात तू धन्यवाद, पुन्हा या म्हणतेस.

त्या धुणाऱ्या बाईला तिची जागा दिली आणि माझी गेली बघ. फोनवर हे मला सांगता येत नव्हतं.

लोभ असू दे, एवढंच.

आजी

---

ता. २७ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं, आज उत्तर. आधी रागावते, मग बाकीचं.

तू माझ्यासाठी खोटं बोललीस? शाळेतून मी दुसऱ्या एका पोरीची पट्टी आणली होती, तेव्हा मला हाताला धरून तिच्या घरी नेलं होतंस आणि सगळ्यांसमोर परत द्यायला लावलीस. आणि आता त्या बाईची कडी राणीला देऊन टाकत होतीस! तसलं परत करू नकोस. माझा आवाज गेला तर गेला. मी कुठे गेलेय?

हे लिहिलं आणि थांबले, कारण खरंच गेलेलीच आहे ना मी. तीन वर्षं.

म्हणून मोठ्या बाईंना काल पत्र टाकलं आणि आज सकाळी फोनही केला. त्यांना म्हटलं की बाकीचे तेवीस नंबर जसेच्या तसे ठेवा, अकरावा मी पुन्हा वाचून देते. त्या म्हणाल्या, आवाज जुळेल का? मी म्हटलं, सर्दी नसेल एवढाच फरक. त्या हसल्या. आजी, त्यांनीच सांगितलं की तुझं आठवड्याचं हं हं ऐकायची त्यांच्या माणसांना सवय झालीय. एका मंगळवारी तुला उशीर झाला तर पहारेकरी बसथांब्यापर्यंत बघून आले होते. हे तू मला लिहिलं नव्हतंस.

त्या तयार झाल्यात. पण आमची गाद्यांची खोली बंद झाली, या महिन्यातच. मीही आता तिथे नाही. घाबरू नकोस, समोरासमोर सांगीन. म्हणून मी त्यांना विचारलं की अकरा नंबर अकरा नंबरातच येऊन वाचू का, माझं छोटं यंत्र घेऊन. सोमवारी राजवाडा बंद असतो. एकवीस एप्रिलचा सोमवार ठरलाय. मी शनिवारी पोचते.

काय वाचायचं ते तू लिहून ठेव. चुकीचा कागद वाचायला आता मला वेळ नाही. पाच-सहा वाक्यंच हवीत, आजी. पाच-सहा म्हणजे पाच-सहा.

डोक्यावरचा हात आता जरा खरोखरचा हवाय, तो तयार ठेव.

तुझी भोंगू

---

ता. ६ मे, मंगळवार

चि. भोंगूस अ. उ. आशीर्वाद.

इकडील सर्व खुशाल. तू गेल्यापासून घर पुन्हा होतं तेवढं मोठं झालंय. परवा सवयीनं दोन कप चहा टाकला. एक मी प्यायले, दुसरा निवला, मग तोही प्यायले. तुझा रुमाल दोरीवरच राहिलाय. धुऊन ठेवलाय, पण पाठवणार नाही. न्यायला ये.

अंधांच्या वाचनालयात पुस्तकं वाचून द्यायचं तुझं काम लागलं का? लागेलच. तिथे तुला कोणी शिव्या घालणार नाही, आणि थोडा वेळ थांबा तेच तुला म्हणतील, पुढे काय झालं म्हणून. तुझं जुनं काम सुटल्याचं तू मला स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून सांगितलंस. मी हं म्हटलं तेव्हा कुठे वळलीस. चेहरा बघून कळलं की पत्रांत तू फारच हसत होतीस. आणखी एखादी गोष्ट पोटात ठेवली असशील तर तीही लिही. माझ्या पोटात जागा आहे.

आज नवीन अकरा नंबर लागला. मीच पहिली. यंत्रवालीनं मुद्दाम माझ्यासाठी ठेवला होता. पहारेकरी मिशा पिळत शेजारी उभे, मोठ्या बाईही जिन्यात. मला काय उगीच लाज वाटत होती, लग्नाला उभं केल्यासारखी.

त्या सोमवारचं आठवतं ना सगळं? तू खळग्यांच्या अलीकडे मांडी घालून बसलीस, यंत्र समोर. मला कोपऱ्यात स्टुलावर बसवलंस आणि ताकीद दिलीस की हूं नाही की चूं नाही, श्वाससुद्धा हळू. मी पदर तोंडात धरला होता. तू वाचायला लागलीस, माझाच कागद, आणि खोली घुमली गं. त्या दगडाला आवाज आवडत असावा. आणि मध्येच माझ्या तोंडून ते निघालंच. मोठ्या बाई म्हणाल्या पुन्हा घेऊ. तू पुन्हा वाचलंस, तिसऱ्यांदा वाचलंस, तेव्हा मी नीट गप्प बसले. तीनही चांगले झाले, त्यातला एक निवडून पाठवते म्हणालीस.

तर आज दाबला. तू सांगायला लागलीस की इथे राणी नाही, एक बाई कपडे धुवायची. कुंडीसमोरचे खळगे तिच्या गुडघ्यांचे आहेत. भिंतीतली कडी चादर पिळायला आहे, दुसरं टोक धरायला कुणी नसलं की ती लागते, म्हणून आम्हाला ठाऊक आहे की ती एकटी होती.

आणि तिथे कुणीतरी म्हणालं, हं.

मला वाटलं मीच म्हटलं. पण मी तर ओठ मिटून उभी होते, रडू येत होतं म्हणून. पुन्हा दाबला. पुन्हा तिथेच, हं. म्हणजे तू पहिलाच निवडलास! मोठ्या बाईंकडे बघितलं तर त्या जिन्याच्या कठड्यावरची नसलेली धूळ पुसत होत्या. तुम्ही दोघींनी संगनमत केलंत. पहारेकऱ्यांना विचारलं की हा आवाज कुणाचा, तर ते म्हणाले लोकांना सांगू की त्या धुणाऱ्या बाईचाच आहे, सहाशे वर्षांनी कुणीतरी तिच्याशी बोललं म्हणून. सांगू देत. तिचंही माझ्यासारखंच होत असणार, कुणी बोललं की हं म्हटल्याशिवाय राहवत नसेल.

एकोणीस नंबरात जाऊन चादर बघून आले. परवाच्या उन्हानं थोडी विटली आहे, पण दिसते. मग आज चोवीसही दाबला. तू धन्यवाद, पुन्हा या म्हणालीस. मी म्हटलं, तू ये.

त्रेसष्ट पायऱ्या आता मी तीन ठिकाणी बसून चढते. पुढे चार ठिकाणी बसावं लागेल. एखाद्या मंगळवारी गुडघे नाहीच म्हणाले, तर पहारेकऱ्यांना बसथांब्यावर शोधत पाठवू नकोस, आणि तूही मनाला लावून घेऊ नकोस. तू तिथे बोलशील तेव्हा हं म्हणायला कुणीतरी आहे.

उत्तर लवकर पाठव. शिवणवालीची सासू आता माझ्याशी बोलते, म्हणते मलाही ने एकदा तुझ्या नातीच्या आवाजात. पुढच्या मंगळवारी नेते तिला. दोघी असलो की पायऱ्यांवर बसायला बरं.

चादरीचं दुसरं टोक तुझ्या हाती आहे, ते धरून ठेव.

तुझी आजी